‘थोर’ आणि ‘थोरला’ : अर्थ व उपयोजन

‘थोर’ हे विशेषण संस्कृत ‘स्थूल’ या शब्दाशी जोडले जाते. ‘स्थूल’मधील लकाराचा रकार होऊन ‘थोर’ हे रूप सिद्ध होते, असे हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात सांगितले आहे. मूळ अर्थ, अर्थातच, आकाराचा. आजच्या प्रमाण मराठीत मात्र ‘थोर दगड’ किंवा ‘थोर खोली’ असे कोणी म्हणत नाही. आकाराचा अर्थ ‘मोठा’ या विशेषणाकडे गेला आणि ‘थोर’कडे गुणांची महत्ता उरली. ‘मोठा माणूस’ धनाने, पदाने वा वयाने मोठा असू शकतो. ‘थोर माणूस’ चारित्र्याने किंवा कर्तृत्वानेच थोर ठरतो. ‘लहानथोर’ या जोडशब्दात मात्र वयाची छटा टिकून आहे.

‘थोरला’ हे रूप निराळे. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘धाकटा’. ते क्रम दर्शविते, स्तुती नव्हे. थोरले माधवराव पेशवे १७७२ मध्ये वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी निवर्तले; त्यांना ‘थोरले’ म्हणतात ते सवाई माधवरावांच्या आधीचे म्हणून. छत्रपतींच्या साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या शाखांना अनुक्रमे ‘थोरली पाती’ व ‘धाकटी पाती’ म्हणतात, तेही याच न्यायाने.

तमिळमध्ये हे तिन्ही अर्थ ‘पेरिय’ या एकाच विशेषणात सामावतात. तंजावरच्या ज्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला, ते तमिळ भाषकांचे ‘पेरिय कोविल’; येथे अर्थ आकाराचा. ‘पेरियप्पा’ म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, येथे वयाचा. ई. वे. रामसामी यांना १९३८ मध्ये मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई, येथील महिला परिषदेत ‘पेरियार’ ही पदवी मिळाली, येथे योग्यतेचा. मराठीत अनुक्रमे मोठे देऊळ, थोरले काका आणि थोर पुरुष अशी तीन विशेषणे योजावी लागतात.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. तंजावरच्या गादीवर व्यंकोजीराजांचे शहाजी, सरफोजी व तुकोजी हे तिघे पुत्र एकामागून एक आले. अशा घराण्याच्या कागदांत ‘थोरले’ या शब्दाचा अर्थ ‘महान’ असा केल्यास वारसाक्रमाची नोंद स्तुतिवाचक ठरते आणि इतिहासाचा एक पुरावा हातचा जातो. तंजावरी मराठी कागदपत्रांचे तमिळ वा इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने म्हणूनच आधी ‘धाकटे’ कोण, हे शोधावे. ‘थोरले’ शब्दाचा अर्थ आपोआप स्पष्ट होतो.