बोंबील वलांडीवर आणि आभाळ भरलेले: अंदाजावर किती विसंबावे?

पावसाळा सरला की मढ, भाटी, मनोरीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील लटकू लागतात. कडक उन्हात त्यांना तीन-चार दिवस लागतात. अर्धवट सुकलेल्या मालावर अवकाळी सर आली, तर बुरशी धरते, रंग जातो आणि तो खताच्या भावाने द्यावा लागतो. म्हणून ढग दिसले की घरात एकच प्रश्न: उतरवायचे की राहू द्यायचे?

‘पाऊस नक्की येणार का?’ असे विचारून याचे उत्तर मिळत नाही. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. तुमच्या वलांडीवर पडेलच असे नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम 74. त्यामुळे अंदाज चुकला म्हणण्याआधी तो कुठल्या भागाचा होता, हे पाहावे.

आता हिशेब करा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घाला. वलांडीवर 20,000 रुपयांचा माल आहे. उतरवून पुन्हा लावण्याची मजुरी 3,000. तीन हजार भागिले वीस हजार, म्हणजे 15 टक्के. पावसाची शक्यता त्याहून जास्त वाटत असेल, तर उतरवणे परवडते. शक्यता 30 टक्के असेल तर शंभरपैकी सत्तर वेळा पाऊस येणार नाही आणि शेजारी हसतील, तरीही निर्णय बरोबरच. शक्यता 10 टक्के असेल तर राहू द्या. पण एका फटक्यात हप्ता थकणार असेल, तर त्याआधीच उतरवा.

माल किती सुकला आहे, तेही पाहा. पहिल्या दिवशीचे ओले बोंबील ढीग करून ताडपत्रीखाली ठेवले तर ते कुजतात. तिथे उतरवण्याचा खर्च मजुरीपुरता राहत नाही. जवळजवळ तयार झालेला माल मात्र झटपट आत घ्यावा.

‘वारा फिरला, आता काही येत नाही,’ असे ठामपणे सांगणारे जाणते प्रत्येक कोळीवाड्यात असतात. त्यांचा अनुभव मोलाचा, पण आवाज ठाम आहे म्हणून अंदाज खरा ठरत नाही. बरोबर आलेले अंदाज लक्षात राहतात, चुकलेले विसरले जातात. एक वही ठेवा. सकाळी तारीख आणि शक्यता लिहा, संध्याकाळी पाऊस झाला की नाही ते. ज्या दिवशी तुम्ही 70 टक्के लिहिले, अशा वीस दिवसांत साधारण चौदा वेळा पाऊस यायला हवा. सातच वेळा आला, तर पुढच्या वेळी तुमचा 70 हा 35 धरून वरचा हिशेब मांडा.