घर पाठीवर घेणारे पतंग

पावसाळ्यात लोणावळा-मावळातल्या ओल्या भिंतींवर सरकणारी चपटी राखाडी पुडी म्हणजे कसरीच्या कुळातल्या पतंगाच्या अळीचं घर. अशीच घरं बांधणारी, पण वेगळ्या कुळातली प्रजाती म्हणजे कोलिओफोरा. कीटकतज्ज्ञ हुब्नर यांनी तिला १८२२ मध्ये नाव दिलं. आज तिच्यात हजाराहून अधिक जाती आहेत. बऱ्याच जातींचे पंख इतके सारखे, की जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरत नाही. अळीचं खाद्यझाड आणि घराचा आकार मात्र मोठा आधार देतात, म्हणून नुसता पतंग टिपण्यापेक्षा अळी पाळणं मला मोलाचं वाटतं. १९७० च्या दशकात कीटकतज्ज्ञ कापुशे यांनी ही प्रजाती अनेक तुकड्यांत विभागली; बऱ्याच तज्ज्ञांनी ती एकसंधच ठेवली.