मावा किडीची नोंद आणि सेन्सरचा ड्रायव्हर

मावा किडींवरील जुने भारतीय शोधनिबंध चाळताना एक पत्ता वारंवार समोर येतो : कीटकशास्त्र प्रयोगशाळा, प्राणिशास्त्र विभाग, कलकत्ता विद्यापीठ, ३५, बालीगंज सर्क्युलर रोड. प्रा. डी. एन. रायचौधुरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथून ईशान्य भारतातील मावा किडींचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९८० मध्ये रायचौधुरी यांच्या संपादनाखाली ईशान्य भारत व भूतानमधील मावा किडींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बालीगंजचा हा परिसर मुळात कायदेपंडित तारकनाथ पालित यांच्या दानातून उभा राहिला. १९१२ मध्ये त्यांनी आपली जमीन व मोठी रक्कम विज्ञानाच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला दिली. आज हा परिसर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या परंपरेची आठवण आज वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडते. शेतात आता किडींइतकीच उपकरणांचीही गर्दी होऊ लागली आहे : स्वयंचलित हवामान केंद्रे, जमिनीतील ओलावा मोजणारे सेन्सर, पानांचा ओलेपणा टिपणारी साधने, कॅमेरा बसवलेले सापळे. या उपकरणांची संगणकाला ओळख करून देणाऱ्या लेखनाला ड्रायव्हर म्हणतात. नवा ड्रायव्हर मुक्तस्रोत प्रकल्पात दाखल करण्याची रीत आणि नव्या कीटकजातीची नोंद करण्याची रीत यांत मोठे साम्य आहे. ही रीत कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी व प्रयोगशील शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण सल्ल्याची विश्वासार्हता पुष्कळदा या न दिसणाऱ्या दुव्यावर अवलंबून असते.

ड्रायव्हर नेमके काय करतो?

डीएचटी-२२ हा तापमान व आर्द्रता मोजणारा स्वस्त सेन्सर अनेकांच्या परिचयाचा आहे. तो ‘२८.५ अंश’ असे शब्द पाठवत नाही. एकाच तारेवरून तो विजेचे ४० स्पंद पाठवतो. स्पंद सुमारे २६ ते २८ मायक्रोसेकंद टिकला तर त्याचा अर्थ शून्य आणि ७० मायक्रोसेकंद टिकला तर एक. पहिले १६ अंक आर्द्रतेचे, पुढचे १६ तापमानाचे आणि शेवटचे ८ पडताळणीचे असतात.

समजा, आर्द्रता ६५.२ टक्के व तापमान २८.५ अंश आहे. सेन्सर त्यांना दहाने गुणून ६५२ व २८५ या संख्या पाठवतो. पहिली संख्या २ व १४० अशा दोन भागांत जाते (२ × २५६ + १४०) आणि दुसरी १ व २९ अशा भागांत. या चार भागांची बेरीज १७२ होते आणि शेवटच्या ८ अंकांत हीच बेरीज आलेली असावी लागते. ती जुळली नाही तर वाचन बाद. स्पंद मोजणे, भाग जोडणे, बेरीज तपासणे आणि शेवटी सर्व प्रणालींना समजेल अशा एककात मूल्य देणे, हे सारे काम ड्रायव्हर करतो.

हवामान केंद्रांतील अनेक लहान संगणक लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतात. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलमध्ये मोजमापाच्या सेन्सरसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचे एककांचे नियम ठरलेले आहेत. तापमान अंश सेल्सिअसच्या हजाराव्या भागात सांगायचे, म्हणजे २८.५ अंशांसाठी २८५०० ही संख्या द्यायची. हवेचा दाब किलोपास्कलमध्ये सांगायचा. सेन्सर कोणत्याही कंपनीचा असो, वरच्या कार्यक्रमाला मूल्य एकाच भाषेत मिळते.

दोन अंशांची चूक, तीन दिवसांचा फरक

किडींचे अंदाज अंश-दिवसांवर बेतलेले असतात. दिवसाच्या सरासरी तापमानातून किडीच्या वाढीचे किमान तापमान वजा करून दररोजची बेरीज केली जाते. समजा, एखाद्या किडीच्या पिढीला ५०० अंश-दिवस लागतात, तिचे किमान तापमान १२ अंश आहे आणि सरासरी तापमान २८ अंश आहे. रोज १६ अंश-दिवस जमतात व पिढी सुमारे ३१ दिवसांत पूर्ण होते. सेन्सर दोन अंश जास्त दाखवत असेल तर रोज १८ जमतात आणि हिशेब सुमारे २८ दिवसांचा होतो. सल्ला तीन दिवस आधी जातो. अंडी किंवा पहिल्या अवस्थेतील अळी गाठायची असेल तर तीन दिवसांचा हा फरक फवारणी वाया घालवण्यास पुरेसा आहे.

अशी चूक तीन ठिकाणी होऊ शकते : सेन्सर सदोष असतो, तो उन्हात किंवा भिंतीजवळ चुकीच्या जागी बसवलेला असतो, किंवा ड्रायव्हरमधील गणित चुकलेले असते. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात. तिसरी तपासण्यासाठी ड्रायव्हरचे लेखन उघडे असावे लागते. ते बंद असेल तर चूक शोधण्याचा मार्गच उरत नाही. पुरवठादाराने व्यवसाय बंद केला किंवा संगणकाची प्रणाली बदलली, तर चालू स्थितीतील सेन्सरही निरुपयोगी ठरतो.

एका भारतीय विद्यार्थ्याचे योगदान

बॉश कंपनीचा बीएमई-६८० हा सेन्सर तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि हवेतील बाष्पशील वायू अशा चार गोष्टी टिपतो. २०१८ मध्ये ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमात एका भारतीय विद्यार्थ्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला आणि तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीत दाखल झाला. काम सोपे नव्हते. या प्रकारच्या प्रत्येक सेन्सरचे कारखान्यात अंशशोधन होते आणि त्याचे गुणक त्याच्याच स्मृतीत साठवलेले असतात. ड्रायव्हरला आधी ते गुणक वाचावे लागतात आणि मग कच्च्या आकड्यावर गणित करून खरे मूल्य काढावे लागते.

त्यानंतरची हकिकत अधिक बोधप्रद आहे. पहिल्या आवृत्तीत तापमान हजाराव्या भागाऐवजी पूर्ण अंशांत दिले जात होते. २८५०० च्या जागी २८.५ येत असे. ठरलेल्या नियमाने वाचणाऱ्या कार्यक्रमाला ते ०.०२८५ अंश दिसले असते. २०१९ मध्ये दुसऱ्या एका योगदात्याने ही चूक दुरुस्त केली. दाबाचे मूल्यही किलोपास्कलऐवजी हेक्टोपास्कलमध्ये जात होते. ते २०२४ मध्ये तिसऱ्या एका योगदात्याच्या लक्षात आले व सुधारले गेले.

याचा अर्थ मूळ काम कमी प्रतीचे होते असा नाही. वर्गीकरणशास्त्रातही पहिल्या वर्णनात त्रुटी राहतात आणि पुढील अभ्यासक नमुना पुन्हा पाहून त्या दुरुस्त करतात. नमुना संग्रहालयात सर्वांसाठी खुला असतो म्हणूनच हे शक्य होते. ड्रायव्हर खुला असल्याने चुका उघड झाल्या आणि मिटल्याही. बंद पेटीतील अशाच चुका कोणालाही न कळता चालू राहतात.

नव्या ड्रायव्हरचा मार्ग

कीटक हाती आला की अभ्यासक प्रथम विचारतो, ही जात खरोखर नवी आहे का? ड्रायव्हरच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच. बाजारात ‘नवे’ म्हणून येणारे अनेक सेन्सर जुन्याचेच भाऊबंद असतात. डीएचटी-११ या नावाचा ड्रायव्हर डीएचटी-२२ लाही चालतो. एडीएस-१०१५ साठीचा ड्रायव्हर एडीएस-१११५ लाही पुरतो. अशा वेळी नवे लेखन न करता जुन्या ड्रायव्हरच्या यादीत नव्या सेन्सरची ओळख जोडली, की काम भागते.

सेन्सर खरोखर वेगळा असेल, तर पुढील पायऱ्या येतात.

१. उत्पादकाचे तांत्रिक माहितीपत्रक मिळवणे. ते नसेल तर काम अंदाजावर चालते आणि चुका वाढतात.

२. ड्रायव्हरसोबत उपकरणाचे ठराविक नमुन्यातील वर्णन लिहिणे : त्याला कोणता वीजपुरवठा लागतो, ते कोणत्या तारांवर बोलते, इत्यादी.

३. बदल लहान तुकड्यांत मांडणे. एका तुकड्यात एकच गोष्ट असावी व तिचे कारण सोबत लिहावे. लेखनशैली तपासणारे साधन कर्नलसोबतच मिळते.

४. प्रत्येक तुकड्याखाली निनावी न राहता, ज्ञात ओळखीने स्वाक्षरीची ओळ देणे. हे लेखन मुक्त परवान्याखाली देण्याचा अधिकार आपल्याला आहे, अशी ती ग्वाही असते. लिनक्समध्ये ही पद्धत २००४ पासून आहे.

५. त्या विभागाच्या देखभालकर्त्याकडे पाठवून परीक्षणाला उत्तरे देणे. दुसरी, तिसरी, पाचवी सुधारित प्रत पाठवावी लागणे नित्याचेच आहे. शोधनिबंधाच्या परीक्षणाचा अनुभव असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

६. स्वीकारलेला ड्रायव्हर आधी विभागाच्या साठ्यात आणि नंतर मुख्य कर्नलमध्ये जातो. नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते व नव्या गोष्टी घेण्याची खिडकी आरंभीचे दोन आठवडे उघडी असते.

ड्रायव्हर दाखल झाल्यावरही जबाबदारी संपत नाही. कर्नलच्या आत बदल होत राहतात आणि ड्रायव्हर त्यांच्याशी जुळता ठेवावा लागतो. कोणी वापरत नाही व कोणी सांभाळत नाही असे ड्रायव्हर कालांतराने काढून टाकले जातात. मात्र मुख्य साठ्यात असलेल्या ड्रायव्हरला एक मोठा लाभ मिळतो : आतले बदल करणारे लोक त्यालाही सोबत सुधारून घेतात. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरकडे कोणी पाहत नाही.

शेतावरून देता येण्याजोगे

प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यांचेही या कामात स्थान आहे. लिनक्सच्या इतिहासात लेखकासोबत परीक्षक, दोष कळवणारा आणि प्रत्यक्ष वापरून तपासणारा यांचीही नावे त्या त्या बदलाखाली नोंदवली जातात. कृषी विज्ञान केंद्रांतील वेधशाळांकडे अशा तपासणीसाठी लागणारी सामग्री असते. स्टीव्हन्सन स्क्रीनमध्ये प्रमाणित तापमापकाशेजारी सेन्सर ठेवून सकाळ-दुपारच्या ठरलेल्या वेळी दोन्ही वाचने काही आठवडे लिहून ठेवली, तर ती नोंद ड्रायव्हर लिहिणाऱ्यास अमूल्य असते. प्रयोगशाळेत बसलेल्या लेखकाला ४३ अंशांचा मे महिना आणि आर्द्रता १०० टक्क्यांवर टेकलेली कोकणातील पावसाळी रात्र मिळत नाही.

ओलाव्याच्या सेन्सरबाबत हे अधिकच खरे आहे. कपॅसिटिव्ह प्रकारचे स्वस्त सेन्सर केवळ व्होल्टेज देतात. ते मोजण्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहेत. उणीव असते ती त्या व्होल्टेजचा मातीतील पाण्याशी संबंध सांगणाऱ्या तक्त्याची. काळ्या भारी जमिनीत एक व्होल्टेज एक अर्थ सांगते, हलक्या मुरमाड जमिनीत दुसरा. मातीचा नमुना ओला असताना तोलायचा, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलायचा आणि दोन वजनांतील फरक व्होल्टेजशेजारी लिहायचा. पाणी दिल्यापासून वाफसा येईपर्यंत व पुढे जमीन सुकेपर्यंत असे दहा-बारा नमुने घेतले, की त्या जमिनीचा तक्ता तयार होतो. हा तक्ता खुल्या स्वरूपात प्रसिद्ध करणे हेही मुक्तस्रोत योगदानच आहे.

खरेदीपूर्वी विचारण्याचे प्रश्न

• सेन्सरचे नेमके नाव व क्रमांक कोणता? त्याचे तांत्रिक माहितीपत्रक खुले आहे का?

• त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे, की पुरवठादार स्वतंत्रपणे देतो? स्वतंत्र असल्यास त्याचे मूळ लेखन मिळेल का?

• पुरवठादाराची सेवा बंद झाली तर उपकरणातील आकडे थेट वाचता येतील का?

• अंशशोधन कोणत्या पद्धतीने झाले आणि ते पुन्हा कसे करायचे?

शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गटाने सामूहिक खरेदी करताना हे चार प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरेही लेखी घ्यावीत. एकट्या ग्राहकाला जे नाकारले जाते, ते गटाला मिळण्याची शक्यता अधिक असते.

मावा किडीची एक जात नोंदवली गेली की तिचा लाभ त्या प्रयोगशाळेपुरता राहत नाही. पुढे कोणत्याही गावात, कोणत्याही पिकावर ती आढळली तरी तिला ओळखण्याचा आधार तयार असतो. तपासलेला व खुला केलेला ड्रायव्हर हेच काम उपकरणांसाठी करतो. बालीगंजमध्ये एका कायदेपंडिताने जमीन दिली आणि त्या जमिनीवर अभ्यासकांनी ज्ञानाची भर घातली. शेतावरील सेन्सरशेजारी वही घेऊन रोज दोन वाचने लिहिणारा कृषी सहायक किंवा शेतकरी त्याच सामाईक ठेव्यात भर घालत असतो.