०.३ चे शून्य कसे झाले?

कागद-पेन्सिल घ्या आणि ०.३ ही संख्या लिहा. नियम सोपा आहे. संख्येची दुप्पट करायची. उत्तर १ किंवा त्याहून मोठे आले, तर त्यातून १ वजा करायचा. ०.३ चे ०.६, मग १.२, म्हणजे ०.२, पुढे ०.४, ०.८ आणि पुन्हा ०.६! आता याच चार संख्यांचे रहाटगाडगे फिरत राहणार. शून्य कधीच येणार नाही.

हेच काम संगणकाला सांगा. नेहमीच्या ६४-बिट पद्धतीने आकडेमोड करणारा संगणक ५४ व्या पायरीला शून्य दाखवील आणि पुढे शून्यच दाखवीत राहील. असे का व्हावे?

संगणक संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत साठवितो. दशमान पद्धतीत १/३ लिहिताना ०.३३३... संपत नाही. तसेच द्विमान पद्धतीत ०.३ संपत नाही. संगणक तिचे ५३ सार्थ अंक ठेवतो आणि उरलेली शेपटी छाटतो. दुप्पट केली की सारे अंक एक घर डावीकडे सरकतात आणि पुढे आलेला १ आपण टाकून देतो. साठा संपला की उरते शून्य!

अशा खेळांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा म्हणजे एर्गोडिक सिद्धांत. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांच्या १९३१ सालच्या प्रमेयावरून असे निघते, की ० ते १ मधील जवळजवळ कोणत्याही संख्येपासून आरंभ केला आणि या पट्ट्याचे चार समान भाग पाडले, तर खेळाचा पाव-पाव वेळ प्रत्येक भागात जातो. यातला ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा. द्विमान पद्धतीत संपणाऱ्या सर्व संख्या अपवाद आहेत, आणि संगणकात साठविलेल्या संख्या नेमक्या तशाच असतात! प्रमेय खोटे ठरले नाही. आपण अपवादच तपासला.

यावर उपाय? एक नाणे! ते १०१ वेळा उडवा. छापा पडला तर १, काटा पडला तर ० असे ओळीने लिहा. ही झाली एका संख्येची द्विमान मांडणी. आता एकेक घर सरकत शेजारच्या दोन अंकांच्या १०० जोड्या मोजा. ००, ०१, १० आणि ११ हेच ते चार भाग. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २५ जोड्या येतील. संगणकालाही दर पायरीला असा नवा अंक पुरविला, तर तो शून्यात अडकत नाही.

म्हणून यंत्राचे उत्तर मान्य करण्यापूर्वी पहिल्या पाच पायऱ्या हाताने करून पाहाव्यात. आपल्याला चूक सापडली, ती तशीच.