भोपळ्याचा तंबोरा आणि हाताचं मोल

आजच्या भागात आपण भोपळ्याबद्दल बोलणार आहोत, पण भाजीच्या नाही. हा भोपळा कडू असतो. तो कुणी शिजवत नाही, बाजारात भाजीवाल्याकडे मिळत नाही. तरी त्याच्यापासून अशी वस्तू तयार होते, की तिच्याशिवाय आपल्या देशातला मोठ्यातला मोठा गवई मैफलीला बसत नाही. ती वस्तू म्हणजे तंबोरा. त्यालाच तानपुरा असंही म्हणतात.

वाळलेला भोपळा आपल्याला काही नवा नाही. सातपुड्यात त्याचं तुंबडं करून पाणी नेण्याची रीत जुनी. काठीच्या राजवाडी होळीला बुध्या नाचतो, तेव्हा त्याच्या कमरेला भोपळेच बांधलेले असतात. हाच भोपळा राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सांगली जिल्ह्यातल्या मिरज गावात, गेली दीडशेहून जास्त वर्षं काही घरांची चूल पेटती ठेवतो आहे. ही घरं सतार आणि तंबोरे बनवतात. त्यांच्यातल्या अनेकांचं आडनावच सतारमेकर झालंय आणि त्यांच्या वस्तीला लोक सतारमेकर गल्ली म्हणतात.

आता ही गोष्ट बचत गटाच्या बायांना कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण शेवटी येईलच. आधी गोष्ट ऐका.

मिरज हे पटवर्धनांचं संस्थान होतं. तिथे शिकलगार समाजाची माणसं राहायची. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. तलवारी, भाले, कट्यारी हेच त्यांचं काम. १८१८ साली पेशवाई गेली, इंग्रजांचं राज्य आलं, लढाया थांबल्या. तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. विचार करा, ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या एकच काम येत होतं, ते कामच गेलं.

संस्थानिकांना मात्र गाण्याची आवड होती. त्यांच्या दरबारात लांबलांबचे गवई, वादक येत. त्यांची वाद्यं उत्तरेकडून आणलेली असत. एखादं वाद्य मोडलं, तार सुटली, भोपळा फुटला, तर दुरुस्तीला जवळपास कुणी नसायचं. अशी वाद्यं दुरुस्त करण्याचं काम फरीदसाहेब शिकलगार यांनी हाती घेतलं. धातू, लाकूड, हत्यारं यांच्यावर त्यांचा हात बसलेला होताच. दुरुस्ती करता करता वाद्याच्या आत काय असतं, कुठे जाड, कुठे पातळ, हे त्यांना कळत गेलं. मग साधारण १८५० च्या सुमारास त्यांनी स्वतःच तंबोरा आणि सतार घडवायला सुरुवात केली. आज त्या घराण्याच्या पुढच्या पिढ्या तेच काम करताहेत.

म्हणजे बघा, धंदा बदलला, पण हातातली कला वाया गेली नाही. तलवार घडवणारा हात तंबोऱ्याकडे वळला, आणि वळताना त्याने पहिलं काम दुरुस्तीचं केलं. मोडलेलं नीट करता करता नवं करायला शिकला.

पुढे मिरजेला गाण्याचं गाव म्हणून नाव मिळालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथे शिकवत असत. त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. सुरेलपणासाठी ओळखले जाणारे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मली. चांगल्या घरातल्या बाईने लोकांसमोर गाऊ नये असं मानलं जाई, त्या काळात हिराबाई तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करत. गवई गावात, कारागीरही गावात. गवयाने सांगावं, इथे सूर बसत नाही, आणि कारागिराने तिथल्या तिथे हात फिरवावा. अशाने दोघांचीही कला वाढते.

आता तंबोरा घडतो कसा, ते सांगते.

आपल्या गावातली पोरं हल्ली गिटार वाजवताना दिसतात. गिटारचा खोका सगळा लाकडाचा, आतून पोकळ. तार छेडली की लाकूड थरथरतं, आतली हवा थरथरते आणि आवाज मोठा होतो. तंबोऱ्यातही तेच घडतं, फक्त खोक्याच्या जागी भोपळा असतो.

हा भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठच्या पंढरपूर, मंगळवेढा भागातून. शेतकरी तो मुद्दाम वाद्यासाठी लावतात. साल जाड हवी, आकार गोल हवा, डाग नको, भेग नको. मोठ्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचा घेर चार फुटांपर्यंत, त्याहूनही जास्त असतो. वेलावर तो पूर्ण पिकू द्यावा लागतो. नंतर सावकाश वाळवतात. आतला गर सुकून बिया खुळखुळायला लागल्या की तो तयार झाला. पाऊस चुकीच्या वेळी आला, नदीला पूर आला, तर वर्षाचं पीक गेलं. कारागिराचं काम असं शेतकऱ्याच्या हातापासून सुरू होतं.

कारागीर भोपळा निवडतो, खूण करून त्याचा एक भाग कापतो आणि तो पाण्यात भिजत घालतो. मऊ झाला की आतला गर, बिया काढून साफ करतो. मग आत काड्या ताणून बसवतो, म्हणजे कापलेलं तोंड वाळताना आक्रसत नाही, हवा तसा गोल आकार धरतं. ही घाई करायची गोष्ट नाही. ओला भोपळा वापरला तर पुढे तो वाकतो आणि जोड सुटतो.

त्यानंतर लाकूड. मिरजेत तूण नावाच्या झाडाचं लाकूड वापरतात. ते वजनाला हलकं आणि कोरायला सोपं असतं. भोपळ्याच्या तोंडाशी लाकडी गळा बसवायचा, त्याला लांब दांडी जोडायची. दांडी आतून पोखरलेली असते, वरून पट्टी लावून बंद करतात. भोपळ्याच्या उघड्या तोंडावर पातळ लाकडाची तबली बसते, मधे किंचित फुगीर. ही तबली फार जाड राहिली तर आवाज दबतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने बसते. किती तासायची, हे पट्टीने मोजून कळत नाही. बोटाने टिचकी मारायची आणि कानाने ऐकायचं.

जोड पूर्वी सरसाने चिकटवत, आता बाजारातला गोंदही वापरतात. मग नक्षी. पूर्वी श्रीमंती वाद्यांवर हस्तिदंताचं काम असे. वन्यजीव संरक्षणाचे कायदे आले आणि ते बंद झालं, ते योग्यच झालं. आता प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांवर वेलबुट्टी कोरतात. शेवटी लाखेचं पॉलिश. कापसाच्या बोळ्याने एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, परत द्यायचा, असं कितीदा तरी.

मग खुंट्या बसवून चार तारा चढवतात. पुरुषांचा तंबोरा मोठा असतो, बायांचा त्याहून लहान, कारण बायकांची पट्टी उंच असते. एवढं सगळं झालं तरी तंबोरा अजून मुका असतो. त्याला आवाज देते जवारी.

जवारी म्हटलं की आपल्याला भाकर आठवते, पण ही जवारी वेगळी. तबलीवर एक रुंद, बसकी घोडी असते, शिंगाची, हाडाची नाहीतर कठीण लाकडाची. तारा तिच्यावरून जातात. घोडीचा वरचा भाग कानशीने घासून असा किंचित उतरता करायचा, की थरथरणारी तार त्याला हलकी घासत राहील. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक साधा धागा सरकवायचा. धागा नेमक्या जागी आला की आवाज एकदम खुलतो. एका तारेतून अनेक सूर उमलल्यासारखे वाटतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला तर आवाज बसतो. वापरून घोडी झिजली की जवारी पुन्हा काढावी लागते, म्हणून गवई वर्षानुवर्षं त्याच कारागिराकडे येत राहतात.

ही जवारी काढणं सगळ्यात अवघड. कारखान्यात लहानपणापासून बसून, आधी पॉलिश, मग तासकाम, मग नक्षी असं करत करत शेवटी माणूस जवारीपर्यंत पोचतो. त्याला वर्षं लागतात. पुस्तकात वाचून ती येत नाही.

आणि इथेच आज अडचण आहे. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी पिशवीत मावते, तिला ना जवारी लागते ना भोपळा. शिकणारी मुलं तीच घेतात. घरातला तरुण मुलगा म्हणतो, इतकी वर्षं शिकून हाती काय येणार? मोजक्या घरांत राहिलेली विद्या एका पिढीने जरी सोडली, तरी ती परत आणता येत नाही. तंबोरा बघून तंबोरा करता येईल, पण जवारीचा कान बघून येत नाही.

मिरजेच्या कारागिरांनी यावर एक गोष्ट केली, ती आपल्या कामाची आहे. एकेकट्या दुकानाने धडपड करण्याऐवजी ते एकत्र आले, संस्था केल्या आणि भौगोलिक मानांकनासाठी, म्हणजे जीआयसाठी अर्ज केले. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोन्हींना जीआय मिळाला. आपल्या जिल्ह्यात नवापूरच्या तूरडाळीला जीआय आहे, म्हणून हा शब्द काहींनी ऐकलेला असेल. अर्थ सोपा आहे: दुसरीकडे बनलेल्या मालावर मिरजेचं नाव लावून तो विकता येत नाही. हे नाव एका दुकानाचं नसतं, तिथल्या सगळ्या कारागिरांचं असतं. पण प्रत्येकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ठरलेला दर्जा पाळावा लागतो, आणि दर दहा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. नुसता कागद भिंतीवर टांगून पोट भरत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. हे सगळं आपल्याला कशाला?

तंबोऱ्यात माल काय लागतो? एक कडू भोपळा, थोडं लाकूड, सरस, लाख, चार तारा आणि एक दोरा. नुसत्या मालाचा हिशेब केला तर तो तंबोऱ्याच्या किमतीजवळही जाणार नाही. किंमत आहे ती वाळवण्यात गेलेल्या दिवसांची, तासणाऱ्या हाताची आणि ऐकणाऱ्या कानाची. आपल्या गटांच्या बैठकीत भाव ठरवताना मात्र वेगळंच होतं. बाई सांगते, बांबू इतक्याचा आला, पीठ इतक्याचं, तेल इतक्याचं, त्याच्यावर थोडे पैसे ठेवू. स्वतःचा दिवस ती कुठेच लिहीत नाही. विचारलं तर म्हणते, मी तर घरीच होते ना ताई.

समजा, एका सुपाला ४० रुपयांचा बांबू लागला आणि ते विणायला तुमचा अर्धा दिवस गेला. बाजारात ते ८० रुपयांना विकलं. हातात नफा दिसतो ४० रुपये. पण त्याच अर्ध्या दिवसाची शेतातली मजुरी तुम्ही यापेक्षा कमी घेतली असती का? मग तो नफा कसा? ते ४० रुपये म्हणजे तुमच्याच मजुरीचा तुकडा आहे.

म्हणून गटाच्या वहीत तीन रकाने करा. पहिला मालाचा, दुसरा वेळेचा, तिसरा कसबाचा. वेळ म्हणजे विणायला, वाळवायला, बाजारात न्यायला लागलेले तास. कसब म्हणजे ते काम जे गटातल्या दोघी-तिघींनाच नीट जमतं. सुपाची कड बांधणं, गोधडीचा कोपरा दुमडणं, आमचुराची फोड कधी पुरेशी सुकली हे हाताला कळणं. ही आपली जवारी. तिचे पैसे वेगळे धरा. एकाच वेळी सगळा भाव वाढवता येणार नाही, बाजार तसा नाही. पण निदान आपण किती सोडून देतो आहोत, हे वहीत दिसलं पाहिजे.

आणि दुसरं. ज्या म्हातारीच्या हाताला हे कसब आहे, तिच्या शेजारी एक तरुण सून किंवा मुलगी बसवा. फुकट नको. शिकवणाऱ्या आजीलाही गटातून काही द्या, शिकणारीच्या पहिल्या मालालाही भाव द्या. हातातली विद्या एकाच घरात, एकाच डोक्यात राहिली तर ती त्या माणसाबरोबर जाते.

पुढच्या बैठकीत तीन रकान्यांची वही घेऊन या. तुमच्या गावात असं कुठलं काम आहे जे आता एखाद-दोन जणींनाच येतं, त्याचीही यादी करा. पुढच्या भागात तुमच्या गटांनी काढलेला हिशेब आपण सगळ्या मिळून बघू. तोवर नमस्कार.