महाविद्यालयीन तरुण, मद्यपान आणि हातातील मोबाईल

आपल्या समाजातील मुलेमुली आज शिक्षणासाठी घर सोडून पुण्या-मुंबईला, दिल्लीला, काही जण तर थेट परदेशात जात आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु घराचा उंबरठा ओलांडल्यानंतर त्यांच्यापुढे कोणते प्रसंग उभे राहतात, याविषयी आपण घरात मोकळेपणाने बोलत नाही. मद्यपान आणि लैंगिक अत्याचार हे दोन विषय तर आपण हटकून टाळतो. या दोन्ही गोष्टींना आळा घालण्यासाठी अमेरिका व स्वीडन या देशांत मोबाईल फोनचा उपयोग करून पाहण्यात आला. त्यातून काय साधले आणि काय फसले, याची माहिती पालक व विद्यार्थी या दोघांनाही व्हावी म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. २०१९ साली अमेरिकन विद्यापीठांच्या संघटनेने ३३ विद्यापीठांत पाहणी केली. पदवीचे शिक्षण घेणाऱ्या मुलींपैकी सुमारे २६ टक्के, म्हणजे चौघींपैकी एकीने सांगितले की, महाविद्यालयात प्रवेश घेतल्यापासून आपल्याशी बळजबरीने, अथवा आपण संमती देण्याच्या स्थितीत नसताना, लैंगिक स्वरूपाचे वर्तन झाले. अशा सुमारे निम्म्या घटनांत मद्याचा संबंध असतो, असे अभ्यासक सांगतात.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे नमूद करू इच्छितो. मद्य घेतलेल्या मुलीवर अत्याचार झाला, तर दोष तिचा नव्हे. आणि ‘मी नशेत होतो’ असे म्हटल्याने अत्याचार करणाऱ्याचा दोष तसूभरही कमी होत नाही. जी व्यक्ती शुद्धीत नाही, ती संमती देऊच शकत नाही. ही गोष्ट मुलींच्या आधी मुलांना शिकविली पाहिजे.

आता फोनच्या उपयोगाकडे वळू. पिट्सबर्ग विद्यापीठातील डॉ. ब्रायन सफोलेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आलेल्या, बेताबाहेर पिणाऱ्या १८ ते २५ वयोगटातील ७६५ तरुण-तरुणींवर एक प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे त्यांच्यापैकी एका गटाला फोनवर साधे लेखी संदेश जात. गुरुवारी विचारले जाई की, या शनिवार-रविवारी पिण्याचा बेत आहे काय? बेत असल्यास, स्वतःसाठी मर्यादा ठरविण्याची तयारी आहे काय? रविवारी प्रत्यक्षात किती घेतली ते विचारले जाई आणि उत्तरानुसार चार शब्द कळविले जात. या गटाचे बेसुमार पिण्याचे दिवस कमी झाले. दुसऱ्या गटाला नुसतेच प्रश्न विचारले, उलट उत्तर काही दिले नाही. त्यांचे पिणे कमी झाले नाही. म्हणजे पिण्याचा हिशेब ठेवून भागत नाही. प्रसंग येण्यापूर्वी निश्चय करविणारे व आपुलकीने विचारणारे कोणी लागते.

स्वीडनमधील अनुभव याहून बोलका आहे. तेथे दोन विद्यापीठांतील पिणाऱ्या विद्यार्थ्यांना रक्तातील मद्याचे प्रमाण अजमावून दाखविणारे एक ॲप देण्यात आले. आकडा पाहून मुले सावध होतील अशी अपेक्षा होती. परंतु २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे ॲप मिळालेल्या मुलग्यांचे पिण्याचे प्रसंग उलट वाढले. साधन चांगल्या हेतूने बनविले, एवढ्याने ते हितकारक ठरत नाही. त्याची परीक्षा घ्यावीच लागते.

अत्याचार टाळण्याच्या दृष्टीने अमेरिकी सरकारने २०११ साली ॲप तयार करण्याची एक स्पर्धा घेतली. त्यात ‘सर्कल ऑफ सिक्स’ हे एक विजेते ठरले. आपल्या विश्वासातील सहा माणसे आधीच निवडून ठेवायची. एखाद्या ठिकाणी अडचण वाटली की, बटण दोनदा दाबताच ‘मला येऊन घेऊन जा’ हा निरोप आपल्या ठिकाणाच्या नकाशासह त्या सहाही जणांना जाई. ‘मला फोन कर, मला येथून निघायचे आहे’ असाही निरोप पाठविता येई. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भीषण घटनेनंतर, २०१३ साली, या ॲपची दिल्लीसाठी वेगळी आवृत्ती निघाली. २०१५ साली अमेरिकेतील दोन महाविद्यालयांत ‘कॅलिस्टो’ ही व्यवस्था सुरू झाली. तीत पीडित विद्यार्थिनी आपली हकिकत तारीखवेळेसह नोंदवून ठेवू शके. त्याच इसमाविरुद्ध दुसरीचीही नोंद आली, तरच आपली तक्रार पुढे जावी, असेही ती ठरवू शके. एकटीने पुढे येण्याची भीती त्यामुळे कमी होई.

या सर्वांतून आम्हांस एवढेच दिसते की, फोन हा रखवालदार नव्हे. तो ज्यांना हाक घालतो ती माणसे धावून येणारी नसतील, तर बटण दाबून उपयोग नाही. मद्यापासून व कामवासनेच्या मिथ्याचारापासून अलिप्त राहण्याची दोन शीले आपण पंचशीलात रोज म्हणतो. गुरुवारचा तो संदेश हेच काम करतो. मोहाची वेळ येण्याआधी निश्चयाची आठवण देतो.

विद्यार्थी मित्रांनो, आजच तीन गोष्टी करा. कोणत्याही वेळी फोन उचलतील अशी माणसे ठरवा आणि त्यांना तसे सांगून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक फोनमध्ये नोंदवा. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. तुमच्या समितीत कोण आहेत ते विचारून घ्या. मैत्रीण शुद्धीत नसेल तर तिला एकटी सोडू नका, आणि मित्राचे पाऊल चुकीच्या दिशेने पडत असेल तर त्याला तेथेच अडवा.

पालकांनाही आमची विनंती आहे. रात्री दोन वाजता मुलीचा फोन आला तर ‘तू तेथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न विचारू नका. ‘कुठे आहेस? मी निघालो,’ एवढेच म्हणा. तो पहिला प्रश्न ऐकावा लागेल या भीतीने कितीतरी मुली घरी फोनच करीत नाहीत.