थर्मास धुतला, तरी वास का राहतो?

महाडहून पोलादपूरकडे निघणाऱ्या सकाळच्या एस.टी.त शिक्षक हटकून भेटतात. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा आणि डब्याशेजारी स्टीलचा थर्मास. शाळा आडवाटेला असेल तर मधल्या सुट्टीतली कॉफी घरूनच न्यावी लागते. शनिवारी त्यातली घोटभर उरते, झाकण घट्ट लावलेले राहते आणि सोमवारी ते उघडताच जो भपकारा येतो तो सांगायला नको. साबणाने दोनदा धुतले तरी वास जात नाही. तळाशी तपकिरी डाग असतात ते वेगळेच. पोलाद तर काही शोषून घेत नाही. मग हा वास राहतो कुठे?

आधी पोलादाची बाजू पाहू. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असते. अनेक थर्मासांवर १८/८ असे आकडे असतात. त्यांचा अर्थ सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. ओरखडा पडला तर तो पुन्हा आपोआप धरतो. कॉफीला त्यातून आत शिरायला वाट नाही. डाग पोलादावर असतो, पोलादात नसतो.

हा डाग मुख्यतः चहा-कॉफीतल्या पॉलिफिनॉल संयुगांचा. हवा लागली की त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे, गडद आणि पाण्यात सहज न विरघळणारे होतात. पाण्यातले कॅल्शियम या कामाला हातभार लावते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील स्पायरो आणि जगान्यी यांनी १९९३ मध्ये चहावर येणाऱ्या तवंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असेल तरच तो तवंग धरतो, आणि चहा आम्लयुक्त केला की धरत नाही, असे त्यांना आढळले. आपल्या कॉफीत दूधही असते, म्हणजे प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ आले. साबण स्निग्धांश काढतो, पण हा तपकिरी पापुद्रा त्याला दाद देत नाही.

मग दाद कशाला देतो? हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. बिनदुधाचा चहा तीन काचेच्या पेल्यांत सारखा ओता. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा, तिसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. लिंबाचा पेला फिका होतो, सोड्याचा चांगलाच गडद होतो. मुले लगेच म्हणतील, ‘म्हणजे डाग घालवायला लिंबूच चांगले!’ इथे थोडे थांबावे. रंग फिका होणे आणि पदार्थ विरघळून निघून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्लारीमुळे पॉलिफिनॉलच्या रेणूवरचे हायड्रोजन आयन सुटतात, रेणूला ऋण प्रभार येतो आणि तो पाण्यात सहज विरघळतो. रंग गडद होतो तोही याच बदलामुळे. डागाळलेल्या थर्मासात सोड्याचे गरम पाणी भरून ठेवले की तेच पाणी काही वेळाने कोऱ्या चहासारखे तपकिरी होते. डाग कुठे गेला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या घरातल्या जुन्या रीतीही याच्याशी ताडून पाहाव्यात. तांब्याचा हंडा चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख होतो, कारण तिथे काढायचा असतो धातूच्या ऑक्साइडचा थर, आणि तो आम्लात विरघळतो. चहाच्या डागावर तीच चिंच चोळून हात दुखतात. उलट चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासणाऱ्या आजीचे बरोबरच होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते आणि ते आम्लारिधर्मी आहे. राख नुसती खरवडत नव्हती, विरघळवतही होती.

आता कृती. अर्ध्या लिटरच्या थर्मासाला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा घ्या, वर कढत पाणी भरा आणि झाकण न लावता अर्धा तास ठेवा. बाटलीच्या ब्रशाने घासून तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने विसळा. हे द्रावण डोळ्यांत जाऊ देऊ नये, म्हणून हे काम मुलांवर सोपवू नका. खायचा सोडाही चालतो, पण तो सौम्य आहे. रात्रभर ठेवावा लागेल. यानंतर पांढुरकी पुटे उरली तर ती पाण्यातल्या क्षारांची. तिथे मात्र लिंबाचे काम आहे.

वासाकडे येऊ. भाजलेल्या कॉफीच्या बियांत दहा ते पंधरा टक्के तेल असते आणि ते खवट होते. पण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत कॉफी म्हणजे झटपट पूड आणि भरपूर दूध. त्या पुडीत तेल नाममात्रच. तेव्हा सोमवारचा तो भपकारा कॉफीपेक्षा दुधाचा अधिक. जीवाणूंनी दुधातल्या साखरेचे आम्ल केलेले असते, स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्लासारखी उग्र वासाची आम्ले सुटलेली असतात. सोड्याशी या आम्लांचा क्षार बनतो. क्षार हवेत उडत नाही, आणि जे उडत नाही त्याचा वास नाकापर्यंत पोहोचत नाही.

एवढे करूनही वास आला तर थर्मास आणि झाकण वेगवेगळे हुंगून पाहा. बहुधा अपराधी झाकणात सापडेल. त्यातली रबराची किंवा सिलिकोनची चकती स्निग्ध, वासाचे रेणू आत मुरवून घेते. ती बोथट काडीने अलगद काढून सोड्याच्या कोमट पाण्यात वेगळी भिजवावी, मग उन्हात वाळवावी. जुनी झाली असेल तर बदलणेच बरे.

सोडा आणि लिंबू एकत्र घालू नका. मी ते केले आहे. घाईत दोन्ही टाकले, कढत पाणी ओतले, झाकण फिरवून थर्मास हलवला. झाकण सैल करताच ते हातातून उडाले आणि मनगटावर फोड आले. शेजारी मूल उभे नव्हते हे नशीब. हिशेब नंतर केला: पाच ग्रॅम खायच्या सोड्यातून पूर्ण अभिक्रिया झाल्यास साधारण दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. भरलेल्या थर्मासात त्याला जागा असते चार बोटे. शिवाय आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतात, म्हणून स्वच्छताही फारशी होत नाही.

आणखी एक सवय महाडच्या परिसरात बोलून दाखवायला हवी. जुलै २०२१ च्या सावित्रीच्या महापुरासारखा पूर ओसरला की ब्लीचिंग पावडर हाताशी येते. पाणी निर्जंतुक करायला ती हवीच. पण तिचे तीव्र द्रावण स्टीलमध्ये रात्रभर ठेवले तर क्लोरिनची संयुगे क्रोमियमचा थर भेदतात आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते पुन्हा भरून येत नाहीत. त्यात लिंबू किंवा व्हिनेगर मिसळले तर विषारी क्लोरिन वायूच बाहेर पडतो.

टपरीवरची चहाची किटली बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिला धुण्याचा सोडा लावू नये. ॲल्युमिनियम आम्लारीत विरघळते आणि भांडे काळे पडते.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. मुलांना आपापल्या घरचे पेलाभर पाणी आणायला सांगा: कुणाचे विंधन विहिरीचे, कुणाचे झऱ्याचे, कुणाचे नळाचे. प्रत्येक पाण्यात सारखी चहापूड, सारखा वेळ, दूध नाही. पेले दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवा आणि कडेला धरलेल्या तपकिरी रेघांची तुलना करा. मग त्याच पाण्यांत साबणाचा फेस किती होतो तेही पाहा. सर्वांत ठळक रेघ आणि सर्वांत कमी फेस एकाच पाण्याचा निघतो का, हे मुलांनाच तपासू द्या.